नाना आम्पोन्फींचं उजवं मनगट

ओद्विराचा सण बारा आठवड्यांवर आला, त्या सोमवारी सकाळी क्वाबेनसो गावच्या चारही पालखीवाहूंनी नानांच्या अंगणात येऊन श्नॅप्स दारूची बाटली ठेवली आणि माना खाली घालून बसले. बाटली ठेवून माणसं गप्प बसली की गाऱ्हाणं मोठं आहे, एवढं त्या अंगणातल्या कोंबड्यांनाही कळतं. त्या लगेच उठून भिंतीकडेला गेल्या.

नाना आम्पोन्फी हे क्वाबेनसोचे राजे; त्या मुलखात राजाला नानाच म्हणतात. गाव लहान, राजा मोठा. आणि गाऱ्हाणं नेमकं तेच होतं.

पण ते नानांना सांगायचं कसं? राजाशी कुणी थेट बोलत नाही. बोलायचं ते बोदुआशी. सोनेरी मुठीची काठी घेऊन हा म्हातारा वीस वर्षं नानांच्या शेजारी उभा होता आणि दरबारात नानांचं तोंड आणि कान दोन्ही तोच होता. लोकांचं कडू बोलणं मधात घोळवून नानांपुढे ठेवायचं आणि नानांचं जांभई देणं लोकांना आशीर्वाद म्हणून ऐकवायचं, यात त्याचा हात धरणारा नदीच्या दोन्ही काठांवर नव्हता.

चौघांचा म्होरक्या ओबेंग म्हणाला, "बोदुआकाका, नानांना सांगा, गेल्या साली पुलापाशी माझा खांदा असा करकरला की पुढच्याला वाटलं पालखीच मोडली. यंदा आमच्याच्यानं हे वजन उचलायचं नाही. आणि ते पडले तर नुसते नाही पडणार. खाली आम्ही असतो."

बोदुआनं घसा साफ केला. "नाना, हे म्हणतात, आपलं वैभव दरसाल वाढतंय, पण यांचे खांदे देवानं होते तेवढेच ठेवलेत."

नाना खूश झाले. चौघांना एकेक पेला द्यायला त्यांनी फर्मावलं आणि बैठक आटोपली असं समजून ते उठूही लागले.

तेवढ्यात राजमाता आफ्राकोमा म्हणाल्या, "बस खाली." या नानांच्या सख्ख्या मावशी. वय एकोणऐंशी, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची. क्वाबेनसोत राजा निवडतात त्या आणि गादीवरून उतरवतातही त्याच. त्यामुळे त्यांचं बोलणं बोदुआच्या मधात बुडवावं लागत नाही. "अरे आम्पोन्फी, ते म्हणतायत तू जाड झालास. पालखीतून पडलेला राजा राजा राहत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि या वयात मला दुसरा शोधायला लावू नकोस. दुसरा भाचा एकच उरलाय, तो अक्राला रेडिओवर दोन गाण्यांच्या मधे बडबडत असतो."

नाना हळूच खाली बसले. गोष्ट एवढ्यावर थांबणारी नव्हती. नदीपलीकडच्या अतासोचे राजे नाना ओपोंग यांनी मागच्याच मयतीला भर मंडपात विचारलं होतं, की यंदा तुमच्या नानांना पालखीतून आणणार की ट्रॅक्टरमधून. बोदुआनं त्याचं भाषांतर "ते आपल्या प्रवासाची चौकशी करतात" असं केलं होतं. पण नानांनी ते मूळही ऐकलं होतं.

त्याच दुपारी नर्स मान्साला बोलावणं गेलं. दवाखान्याचा वजनकाटा एकशेवीस किलोंपर्यंतचा. नाना त्यावर उभे राहताच काटा शेवटच्या खिळ्यावर जाऊन आपटला आणि तिथंच थरथरत राहिला. मान्सानं वहीत एकशेवीस लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग तिनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली, आणि बोदुआकडे तोंड करून म्हणाली, की रोज आठ हजार पावलं चालायला सांगा आणि संध्याकाळच्या फुफूचे गोळे निम्मे करा, नाहीतर पालखीचा प्रश्न उरणार नाही, दुसरीच तिरडी उचलावी लागेल.

"नाना," बोदुआ म्हणाला, "धरणीमातेला आपल्या चरणांची ओढ लागलीय."

"आणि फुफूचं काय म्हणाली ती?"

"ते मला नीट ऐकू आलं नाही."

नानांशी थेट बोलणारं आणखी एक माणूस होतं, पण ते अक्राच्या बँकेत नोकरीला होतं आणि फोनवरून बोलायचं: नानांची लेक सेरवा. तिनं संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बाबा, मोजणारं घड्याळ घ्या. सोन्याचं नको, भलंमोठं नको. पावलं मोजावीत, छातीचे ठोके मोजावेत, एकदा चार्ज केलं की आठवडाभर टिकावं आणि घामानं बिघडू नये. बस. आकडा रोज माझ्या फोनवर दिसेल, म्हणजे थापा चालायच्या नाहीत."

घड्याळ आणायला बोदुआ कुमासीला गेला. दुकानातल्या पोरीनं त्याची काठी पाहून त्याला खुर्ची दिली आणि घड्याळ कुणासाठी हवं ते विचारलं.

"क्वाबेनसोच्या नानांसाठी."

"पोहतात का ते?"

"नदी ओलांडायला होडी आहे."

"धावतात?"

"पोरी, राजा धावला तर गाव त्याच्या पुढे पळेल. लोकांना वाटेल युद्ध आलं."

"सायकल?"

बोदुआनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं सायकलचं घड्याळ परत कपाटात ठेवलं.

मग तिनं दुसरं काढलं. त्यात दिशा कळायच्या, डोंगराची उंची कळायची, वाट चुकली तर परतीचा रस्ता दिसायचा. नाना वाट चुकू शकत नाहीत, बोदुआनं समजावलं, कारण पुढे शिंग फुंकणारा असतो. मग एक सोनेरी निघालं. बोदुआचे डोळे चमकले. पोरगी म्हणाली, "हे घ्याच. हे बोलतं. निरोप आला की स्वतः वाचून दाखवतं. यांच्या वतीनं उत्तरही देतं."

वीस वर्षांची चाकरी मनगटाएवढ्या डबीत मावलेली बोदुआनं पहिल्यांदाच पाहिली. "त्याचा आवाज फार बारीक आहे," असं म्हणून त्यानं ते स्वतःच्या हातानं लांब सरकवलं आणि सगळ्यात साधं, मुकं, काळ्या पट्ट्याचं घड्याळ उचललं. सेरवानं सांगितलेलं हेच होतं. पण ते निवडण्यामागे सेरवाचा काही हात नव्हता.

पोरीनं बांधून देताना बजावलं, की डाव्या मनगटावर घालायचं. ज्या हातानं कमी काम होतं त्या हातावर, नाहीतर आकडे फुगतात. तासभर बसून राहिलं की ते आपोआप गुरगुरतं, उठा म्हणून. बोदुआ हो हो म्हणाला.

गावात येऊन त्यानं हे सांगताच पंचमंडळींनी कानांवर हात ठेवले. ज्या हातानं माणसाला वाट दाखवणंसुद्धा अपमान, ज्या हातानं पोरही आईकडून शेंगदाणा घेत नाही, त्या हाताला राजाच्या तब्येतीची साक्ष द्यायला उभं करायचं? दुपारपर्यंत खल झाला. एकजण म्हणाला, कुमासीच्या दुकानातल्या पोरींना हल्ली काही वळणच राहिलेलं नाही. शेवटी घड्याळ उजव्या मनगटावर, सोन्याच्या कड्याशेजारी, टोकाकडून चौथ्या भोकात पट्टा अडकवून बांधलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चालायला निघाले.

राजानं एकट्यानं फिरायचं नसतं. पुढे शिंगवाला, मग गादीचं आसन डोक्यावर घेतलेला माणूस, मग छत्रीवाला, छत्रीखाली नाना, बाजूला बोदुआ. आणि राजमातांचा हुकूम असा, की नानांचे गुडघे वाटेतच बसले तर राजा रस्त्याकडेला दगडावर टेकलेला दिसायचा नाही. म्हणून मागे रिकामी पालखी हवी. चौघं पालखी खांद्यावर घेऊन मागून निघाले. उचलायचं नाही म्हणून सांगायला गेलो, ओबेंग वाटभर पुटपुटत होता, वर्षातून एकदाचं होतं ते आता रोजचं झालं.

शिंग ऐकून दारं उघडली. बायका वाकल्या, पुरुषांनी खांद्यावरचं वस्त्र उतरवलं, पायांतल्या चपला काढल्या. दर नमस्काराला नाना थांबायचे आणि उजवा हात छातीपर्यंत उचलायचे. आणि राजा दारावरून जाताना माणूस रिकाम्या हातानं उभा राहील तर तो क्वाबेनसोचा कसला? कुणी कच्च्या केळ्यांचा घड आणला, कुणी कसाव्याचे कंद, कुणी अळकुड्यांची टोपली. प्रजेच्या हातचं नाकारता येत नाही आणि राजाच्या वस्तू जमिनीवर ठेवता येत नाहीत. मागे पालखी रिकामीच होती.

शाळेच्या आंब्यापर्यंत जाऊन यायला दोन तास लागले. अंतर म्हणाल तर नानांची जेमतेम नऊशे पावलं. घड्याळ दाखवत होतं आठ हजार चारशे बारा.

"बाबा, पहिल्याच दिवशी?" सेरवा फोनवर म्हणाली.

नाना प्रामाणिक माणूस. "मलाही जरा कमी वाटली होती ग. पण यंत्र कशाला खोटं बोलेल?"

पालखीतली केळी आणि कसावा अंगणात उतरली, उखळात गेली आणि संध्याकाळी फुफू होऊन पाम फळांच्या लालभडक रश्श्यात नानांपुढे आली. फुफू उजव्या हातानंच खायचं असतं. गोळा तोडायचा, बुडवायचा, गिळायचा. हात खाली, हात वर. पंधराव्या घासाला दहा हजार भरले, घड्याळ थरथरलं आणि त्यावर फटाके उडाले. नानांनी मनगट बोदुआपुढे धरलं. कुणीही नानांशी थेट बोलत नसताना एका डबीनं बोलावं हे शिस्तीत बसत नव्हतं, त्यामुळे घड्याळाचं म्हणणंसुद्धा बोदुआमार्फतच यायचं.

"नाना, ते आपलं अभिनंदन करतंय."

"जेवण्याबद्दल?"

"तसं स्पष्ट म्हणत नाही, पण वेळ तीच साधलीय."

नानांनी आणखी एक गोळा मागवला.

शनिवारी शेजारगावी मोठी मयत होती. नाना सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून होते, पुढून तीन हजार माणसं नमस्कार करत गेली, मग ढोल वाजले आणि नानांनी बसल्या बसल्या हातांनी नाच केला. सेरवाचा घाबराघुबरा फोन आला.

"बाबा, तेवीस हजार? कुमासीला चालत गेलात का?"

"नाही ग. मयतीला बसलो होतो."

सेरवानं विचारलं, "घड्याळ कुठल्या हातात बांधलंय?"

नानांनी फोन बोदुआकडे दिला. बोदुआ म्हणाला, "बाळ, ज्या हातात बांधायला हवं, त्याच हातात बांधलंय." सेरवाचं समाधान झालं.

खरी अडचण उभी राहिली ती गुरुवारच्या दरबारात. क्वाबेनसोत गेले दोन महिने एक शेळीचा खटला चालला होता. आदोमा नावाच्या माणसाची शेळी शेजारच्या पोकुआबाईच्या वांग्याच्या वाफ्यात शिरली होती आणि तिनं एकही वांगं मागे ठेवलं नव्हतं. दरबारात राजानं दगडासारखं बसायचं असतं. भुवई हलली तरी लोक त्याचा अर्थ काढतात. नाना दगडासारखे बसले. पोकुआबाई ओक्साबोक्शी रडत सांगत होत्या, आणि नेमका शेळीचा गुन्हा सिद्ध होण्याच्या बेतात घड्याळ गुरगुरलं.

नानांनी मनगट पुढे केलं. बोदुआनं वाचलं. "नाना, ते म्हणतंय, उठायची वेळ झाली."

लेकीला शब्द दिलेला. नाना उठले. आता राजा उठल्यावर बसून राहील असं माणूस त्या मुलखात जन्मलेलं नाही. पंच उठले, वादी उठला, प्रतिवादी उठला, दोरीला बांधलेली शेळीही उठली. आणि राजा उठला की दरबार संपला, ही वहिवाट नानांच्या पणज्यांच्याही आधीची. खटला पुढच्या गुरुवारवर गेला.

पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारपर्यंत आदोमाला मख्खी कळली. तो आपली बाजू मांडायला उभा राहिला की शेळीच्या आजीपासून सुरुवात करायचा आणि शेळी जन्माला यायच्या आतच घड्याळ गुरगुरायचं. दरम्यान शेळी व्याली. दोन करडं झाली, आणि पोकुआबाईंनी नवी वांगी लावली होती ती करडांचं दूध सोडवायच्या कामी आली.

पावसाची झड लागली तेव्हा बोदुआनं एक तोड सुचवली. "नाना, वीस वर्षं मी आपलं तोंड आहे. माझी जीभ घसरली तर दंड मला. तसंच छत्रीवाल्याचे पाय आपले पाय ठरवले तर? घड्याळ त्याच्या हातात बांधू. पाऊस थांबेपर्यंत तो चालेल."

नानांना हे शास्त्राला धरून वाटलं. राजमातांनी मात्र ऐकलं आणि पानदाणीसारखं तोंड मिटून बोदुआकडे असं पाहिलं की त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तोंड उसनं चालतं," त्या म्हणाल्या. "पोट चालत नाही."

तेव्हा पावसातही मिरवणूक निघत राहिली. आणि रोज सकाळी जाणारा राजा लोकांच्या सवयीचा होण्याऐवजी लोकांच्या चढाओढीचा झाला. काल शेजारणीनं दोन घड दिले का? मग आज आपले तीन. सहाव्या आठवड्याला पालखीत केळ्यांचे वीस घड, त्यावर कसाव्याच्या गोण्या आणि त्यावर कुणाचा तरी बोकड. शाळेच्या आंब्यापुढे चढ होता. चौघं तो चढ दात आवळून चढायचे आणि ओबेंग रोज बोदुआला सांगायचा, की या केळ्यांपेक्षा नाना परवडले. बोदुआ हे नानांना सांगत नसे.

सणाला दोन दिवस उरले. सेरवाच्या हिशेबानं नाना बारा आठवड्यांत रोज सरासरी दहा हजार पावलं चालले होते आणि तिनं बँकेतल्या मैत्रिणींना तो आकडा दाखवलाही होता. मान्सा काटा घेऊन दोनदा येऊन गेली. नानांनी तिला परत पाठवलं, एका घरात दोन ज्योतिषी कशाला म्हणून. पण त्या दुपारी त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, बोदुआला जवळ बोलावलं आणि मनगट पुढे केलं.

"काय म्हणतंय?" बोदुआनं विचारलं.

"काही म्हणत नाही. पट्टा बघ."

बोदुआनं पाहिलं. पहिल्या दिवशी पट्टा चौथ्या भोकात होता. आता तिसऱ्यात होता, आणि तिथंही रुतत होता.

"बोदुआ," नाना म्हणाले, "हे मात्र गोड करून सांगू नकोस. पडेन का मी?"

वीस वर्षांत पहिल्यांदा बोदुआनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. तो म्हणाला, "नाना, हलू नका. काहीही झालं तरी पालखीत हलू नका. बाकी मी बघतो." बाकी म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

ओद्विराच्या दिवशी मैदान फुलून गेलं होतं. मांडवात पहिल्या रांगेत, आपल्या जांभळ्या छत्रीखाली, नाना ओपोंग पाय ताणून बसले होते. पाहुणा राजा यजमान राजासाठी उठत नाही; उठला तर धाकटेपण कबूल केल्यासारखं होतं. चौदा वर्षांत ते कधी उठले नव्हते. आज तर ते बसायचीच मजा घ्यायला आले होते. ट्रॅक्टर कुठून येणार, असं त्यांनी शेजाऱ्याला दोनदा विचारलं.

राजगृहाच्या दारात नाना पालखीत बसले. चौघांनी डोळे मिटून पूर्वजांची नावं घेतली आणि खांदे लावले. पालखी इतक्या झपकन वर गेली की चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोकड नाही, कसावा नाही, नुसते नाना. ओबेंगनं बोदुआला खुणेनं विचारलं, बसलेत ना?

नाना बसले होते. म्हणजे असे बसले होते की डोळ्याची पापणीही त्यांनी विचारून लववली असती. डाव्या हातानं पालखीची कड धरलेली, उजवा हात मांडीवर घट्ट. ढोल घुमत होते. दरसाल नाना या ढोलांवर पालखीत बसून तलवार नाचवायचे, दोन्ही हातांनी हवेत नक्षी काढायचे. लोक त्यासाठी तर यायचे. यंदा नाना दगड. गल्ली ओलांडली, पूल ओलांडला, नाना दगड. गर्दीत कुजबूज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, आजारी दिसतात. दुसरी म्हणाली, आजारी कसले, घाबरलेत. ही दुसरी म्हातारी बोलली ते मांडवापर्यंत पोचायला वेळ लागला नाही आणि नाना ओपोंग हसत हसत पाठीला टेकले. राजमाता आफ्राकोमा यांनी रेडिओवरच्या भाच्याचा नंबर कुणाकडे आहे याची चौकशी केली म्हणतात.

पालखी मैदानाच्या मधोमध आली आणि नेमका एक तास भरला.

घड्याळ गुरगुरलं.

नानांनी सवयीनं मनगट पुढे केलं. पण बोदुआ खाली होता, गर्दीत, पालखीच्या चार हात मागे. शब्दाला मध घालायला कुणीच नव्हतं. घड्याळ दुसऱ्यांदा गुरगुरलं. आणि बारा आठवडे, दर गुरुवारी, दर तासाला जे पाय सांगितल्याबरोबर उठले होते ते नानांना न विचारता उठले.

नाना पालखीत उभे राहिले.

ढोलवाले क्षणभर चुकले. पालखी डावीकडे कलली. ओबेंगनं दात आवळले, शाळेच्या आंब्यापुढचा चढ आठवला, आणि चौघांच्या चार माना एकदम ताठ झाल्या. पालखी सरळ झाली. चौघांच्या खांद्यांवर, हवेत सात हात उंच, नाना आम्पोन्फी उभे. पडू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. ते हात हलले. ढोलवाल्याला वाटलं नाच सुरू झाला, त्यानं काठी उचलली. आता नाना नाचले नसते तर पडलेच असते. म्हणून ते नाचले.

असला प्रकार क्वाबेनसोनं पाहिला नव्हता. आणि राजा उठल्यावर बसून राहील असं माणूस त्या मुलखात नाही, हे मागे सांगितलंच आहे. मैदान उठलं. झाडांवरची पोरं उठली. मांडव उठला. पहिल्या रांगेत जांभळ्या छत्रीखाली नाना ओपोंग उठले, चौदा वर्षांचं सगळं विसरून; आणि आपण उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा सगळ्या गावानं ते पाहिलेलं होतं.

संध्याकाळी ओबेंग घाम पुसत बोदुआकडे आला. "काका, खरं सांगतो. नाना यंदा पिसासारखे झालेत. चालण्याचा गुण हो."

"तसं मी नानांना सांगेन," बोदुआ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राजमातांनी मान्साला काट्यासकट बोलावलं आणि दार लावून घेतलं. नाना काट्यावर उभे राहिले. काटा शेवटच्या खिळ्यावर जाऊन आपटला. यावेळी थरथरलाही नाही, कारण तो तिथंच वाकला. मान्सानं बोदुआकडे पाहिलं, बोदुआनं काठीकडे पाहिलं. साखरही तिथंच होती.

राजमाता खिडकीतून बाहेर पाहत होत्या. अंगणात चौघंजण रिकामी पालखी धुवून उलटी घालत होते. ओबेंगची मान त्याच्या डोक्याएवढी रुंद झाली होती.

"त्यांना काही कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "पुढच्या सणापर्यंत केळी अशीच येऊ देत. फक्त ती शाळेत वाटायची. मान्सा, याच्या ताटात काय पडतं ते तू बघायचंस. आणि घड्याळ त्या पोरीनं सांगितलं त्या हातात."

"मावशी, डाव्या?"

"रविवारपर्यंत सवय होईल. काढ ते."

नानांनी पट्टा सोडला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आंब्यापर्यंत जाऊन आल्यावर आकडा आला नऊशे सहा. सेरवाचा फोन आला तेव्हा नानांनी तो बोदुआकडे दिला आणि बोदुआनं सांगितलं, की बाळ, सणामुळे धरणीमातेची ओढ जरा भागलीय. त्या गुरुवारी राजमाता स्वतः दरबारात बसल्या, आदोमानं शेळीच्या आजीचं नाव घेताच त्यांनी काठी आपटली, आणि करडांसकट शेळी पोकुआबाईंच्या घरी गेली.

आठवड्यानं नदीपलीकडून एक होडी आली. नाना ओपोंग यांच्या वतीनं बोलणारा माणूस खाली उतरला, त्यानं बोदुआपुढे श्नॅप्सची बाटली ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, की तुमच्या नानांना पालखीत उभं करणारं ते घड्याळ कुमासीत कुठल्या दुकानात मिळतं.

बोदुआनं दुकान सांगितलं. काळ्या पट्ट्याचं, मुकं. बोलणारं घेऊ नका, त्याचा आवाज बारीक असतो.

"आणि बांधायचं कुठल्या हातात?"

बोदुआनं बाटली उचलून उजेडात धरली. चांगली होती.

"उजव्या," तो म्हणाला.

त्यानंतरच्या गुरुवारी अतासोच्या दरबारात एका डुकराचा खटला पुढच्या गुरुवारवर गेला.